सेकंदाला सात चित्रे

हरण्याला वेदवतीची हरकत नव्हती. कुंभकोणमच्या बायकांच्या कॉलेजात इतकी वर्षे पदार्थविज्ञान शिकवून हरण्याची तिला चांगली सवय झाली होती. पण हरायचे तर माणसाने सलग हरावे. ती हरत होती तुकड्यातुकड्याने. एका चित्रात तिची लाल गाडी वळणाच्या अलीकडे, पुढच्या चित्रात भिंतीत, आणि त्याच्या पुढच्या चित्रात पाच परकी माणसे तिला ओलांडून गेलेली. मधे काय झाले ते तिला कधी दिसलेच नाही. स्वतःचा अपघातसुद्धा धड बघायला मिळू नये, हा तिच्या मते अन्याय होता.

खेळ मोटारींच्या शर्यतीचा होता. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेटवर जायचे, आणि जगात कुठेकुठे बसलेल्या पाचसहा जणांनी एकाच रस्त्यावर आपापली गाडी पळवायची. कॉम्प्युटर घरी आला होता प्रश्नपत्रिका टाइप करायला. त्यात हा खेळ शिरला तो तिच्या चुलतभावामुळे, कल्याणरामामुळे. कल्याणराम नोकरीसाठी पुण्याला गेला आणि दहा वर्षांत असा पुणेकर झाला की अस्सल पुणेकरांनाही जरा बिचकल्यासारखे व्हावे. तंजावरची मराठी माणसे तीनशे वर्षे जी मराठी जपून बोलत आली, ती त्याला आता विनोदी वाटे.

"अक्का, तुझी गाडी उड्या मारत जाते," तो फोनवर हसत म्हणाला. "गाडी आहे की कावेरीतली होडी?"

"माझ्या मशीनची चित्रे बहुत सावकाश येतात, कल्याणा."

"'बहुत' काय, अक्का! 'खूप' म्हण. इथे कुणी ऐकलं तर त्याला वाटेल मी दरबारातून बोलतोय."

वेदवती 'खूप' म्हणाली नाही. पण खेळाच्या पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा येतो, सेकंदाला किती चित्रे काढली त्याचा, तो तिने त्या दिवशी नीट पाहिला. आकडा होता सात. सिनेमाला चोवीस लागतात, हे ती दर वर्षी वर्गात शिकवत असे. चोवीस चित्रे पुरवली की डोळा फसतो आणि माणूस पळताना दिसतो. सातावर डोळा फसत नाही, फक्त दुखतो.

एवढ्यावर ती कदाचित खेळ सोडून प्रश्नपत्रिकांकडे वळली असती. पण मधे बाहुल्या आल्या.

वेदवतीच्या आजीकडे तांबड्या लाकडाची एक जोडी होती, राजा आणि राणी. त्या मुलखात नवरात्रात घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात, आणि कोलूच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर, कलशाशेजारी, ही लाकडी जोडी उभी करतात. आजी गेल्यावर तिच्या दोन मुलांनी घरातली प्रत्येक वस्तू बरोबर निम्मी वाटून घेतली. भांडी निम्मी, पितळी समया निम्म्या. त्या निम्मेपणाच्या भरात जोडीही निम्मी झाली. राणी वेदवतीच्या वडिलांकडून तिच्याकडे आली आणि राजा काकांकडून कल्याणरामाकडे गेला. तिथे तो बारा महिने पुण्याच्या फ्लॅटमधे टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात उभा असे, आणि पाहुणे त्याला 'अँटिक' म्हणत.

इकडे दर नवरात्रात हळदीकुंकवाला आलेल्या बायका वर बघून विचारीत, "राणी एकटीच? राजा कुठे?"

वेदवतीच्या सासूबाई, वेंकटलक्ष्मीबाई, दर वर्षी एकच उत्तर देत. "पुण्यास गेला आहे."

इतकी वर्षे हे उत्तर ऐकून पलीकडच्या घरातल्या सुब्बलक्ष्मी मामींनी एकदा कळकळीने विचारले होते, "बदलीची नोकरी आहे का हो त्याची?"

तर कल्याणराम त्या दिवशी फोनवर पुढे म्हणाला, "अक्का, एक करू. नवरात्रातल्या रविवारी संध्याकाळी सहाला शर्यत लावू. मी हरलो तर राजा तुझ्याकडे. तू हरलीस तर राणी माझ्याकडे. शोकेसमधे जोडी छान दिसेल."

"शोकेसमधे," वेदवती म्हणाली.

"अगं, लाइटही आहे आत."

तिने एकदा राणीच्या पेटीकडे पाहिले आणि म्हणाली, "लाव."

फोन ठेवल्यावर तिला तो सात आठवला. पण शब्द गेला तो गेला.

आता वेदवती शिस्तीची बाई. तिने आधी निदान केले. रोग एक नव्हता, दोन होते. पहिला, कॉम्प्युटर चित्रे सावकाश काढतो. दुसरा, टेलिफोनच्या तारेतून गाड्यांची बातमी उशिरा पोचते. दोन रोग वेगळे, दोन्हींची औषधे वेगळी. पण कुंभकोणमात ही गोष्ट एकाही माणसाला पटली नाही. जो येई तो एकाच चमच्याने दोन्ही औषधे पाजू बघे.

पहिले आले सुब्बलक्ष्मी मामींचे यजमान, शेषाद्री मामा. रेल्वेतून निवृत्त. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दिरंगाईचे मूळ एकच, कमी व्होल्टेज.

"मामा, व्होल्टेज कमी झाले तर मशीन बंद पडेल. सावकाश होणार नाही."

"माझा पंखा होतो."

"पंख्याचे वेगळे असते, मामा."

"वीज तीच ना? की तुम्हाला कॉलेजवाल्यांना वेगळी येते?" असे म्हणून त्यांनी घरून एक धूड उचलून आणले. तो व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर होता, त्यांच्या जुन्या फ्रिजचा. तो जोडल्यावर घरात रात्रंदिवस भुंग्यासारखा आवाज सुरू झाला. आकडा सातच राहिला. पण मामा रोज सकाळी कुंपणावरून "कसे आहे आता?" विचारीत, त्यामुळे तो काढणेही शक्य नव्हते.

वेदवतीचे यजमान वरदराज हे विमा कचेरीत होते आणि स्वभावाने सहकार्याचे होते. फार सहकार्याचे. ते म्हणाले, "आपण दुकानात विचारू."

महामहम तळ्याजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात स्वामीनाथन नावाचा मालक होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि दोन सूचना केल्या. एक, मशीन फार तापले तर ते आपोआप सावकाश चालावे अशी एक सोय आत असते, ती त्याने जागच्या जागी चालू करून दिली. "आपल्या हवेत बरी असते, मॅडम. नाहीतर जळते." ही सोय पुढे गोष्टीत येणार आहे, म्हणून आत्ताच सांगितली. दोन, तो म्हणाला, "देखावा कमी करा. खेळात तशी सोय आहे. झाडे काढून टाका. डोंगर काढा. आकाश काढा. नुसता रस्ता ठेवा. मशीनला काम कमी, चित्रे भराभर."

"आकाश काढू?"

"सगळे काढतात, मॅडम."

"कल्याणरामाने नाही काढले. त्याच्याकडे झाडांच्या सावल्यासुद्धा हलतात."

"त्यांचे मशीन नवे असेल."

वेदवतीने पिशवी खांद्याला लावली. "मी झाडे काढणार नाही, आकाशही काढणार नाही. त्याला जे दिसते ते मला दिसले पाहिजे. गरिबासारखी शर्यत मी धावणार नाही."

हे तत्त्व म्हणून उत्तम होते. व्यवहारात त्याचा अर्थ असा निघाला की चित्रे काढणारे नवे कार्ड चेन्नईहून मागवावे लागले. जुने कार्ड एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कपाटावर गेले. नवे पाठवणाऱ्याने बसच्या कंडक्टरकडे दिले, आणि त्या कंडक्टरची कुंभकोणमला झोप लागली होती की काय देव जाणे, पुडके उतरले पापनाशमला. वरदराज सहकार्याने पापनाशमला गेले. पुडके मिळाले. परतताना त्यांना स्टँडबाहेर कोवळी विड्याची पाने दिसली. नवरात्र तोंडावर, विडे लागणारच. त्यांनी पाने घेतली, पानवाल्याने वरून गार पाणी शिंपडून दिले, आणि वरदराजांनी ती जपून पुडक्यावर ठेवली, म्हणजे पाने चुरगळणार नाहीत.

पाने अजिबात चुरगळली नाहीत.

"ओले झाले का थोडे?" वरदराजांनी विचारले.

वेदवतीने पुडके सोडून पाहिले. तिने कार्ड कोरड्या तांदळाच्या डब्यात पुरले आणि डब्यावर 'उघडू नये' अशी चिठ्ठी लावली. सासूबाईंनी चिठ्ठी वाचली आणि दुसऱ्या डब्यातून तांदूळ घेतले. घरात चिठ्ठीला मान होता, हे त्यातल्या त्यात बरे.

कार्ड वाळेपावेतो तिने दुसरा रोग हाती घेतला. टेलिफोन कचेरीत ती रांगेत उभी राहिली आणि खिडकीतल्या गृहस्थांना म्हणाली, "बातमी उशिरा पोचते."

"फोन चालू आहे?"

"चालू आहे."

"मग तक्रार कसली? कुठली बातमी?"

"गाडी कुठे आहे ही."

"कुणाची गाडी?"

"माझी."

गृहस्थांनी चष्मा काढला. "अम्मा, गाडी हरवली असेल तर पोलीस स्टेशन समोर आहे."

वेदवतीने त्यांना पाच मिनिटे समजावले. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तीन तक्रारी मांडता येतात. फोन मुका, फोनमधे खरखर, आणि भलतीकडे लागतो. सावकाश अशी तक्रार नाही. खरखर लिहू?"

"खरखर नाही आहे."

"नसली तरी लिहू. माणूस येईल."

खोटे लिहायला ती तयार नव्हती. मागे रांगेतून कुणीतरी म्हणाले, "अम्मा, लिहा खरखर, आम्हाला घरी जायचे आहे." शेवटी तिने 'खरखर असण्याचा संभव' असे लिहिले. प्रयोगशाळेच्या अहवालात हे चालले असते.

लाइनमन आला, तारेचा माग काढत परसात गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. टेलिफोनच्या तारेवर घेवड्याचा वेल चढला होता. नुसता चढला नव्हता, सुतळीने बांधून व्यवस्थित चढवला होता. तारेचा एक सांधा त्या ओल्या पाल्यात बुडून हिरवा पडला होता.

"आत्याबाई," वेदवती सासूबाईंना म्हणाली, "हा वेल तुम्ही चढवलात?"

"तार रिकामीच होती," वेंकटलक्ष्मीबाई म्हणाल्या. "आणि घेवडा बहुत छान लागला आहे. परवा सांबारात तूच दोनदा घेतलास."

लाइनमनने सांधा बदलला, पण वेल तोडायला नकार दिला. शुक्रवारी, शेंगा लागलेल्या वेलावर तो कात्री चालवणार नाही. वेल सोडवून काठीवर घेण्यात वेदवतीची अख्खी दुपार गेली. शेंगांची एक पिशवी लाइनमन घेऊन गेला.

आणि मग, पितृपक्षाच्या शेवटी शेवटी, सगळे जमून आले. कार्ड वाळले. ते बसवले. वेदवतीने खेळ सुरू केला आणि कोपऱ्यात आकडा आला चोवीस. झाडे हलत होती. आकाशात ढग सरकत होते. गाडी वळणावर वळताना दिसत होती, वळून झाल्यावर नव्हे. तिने वरदराजांना बोलावले. दोघे खुर्च्या ओढून बसले आणि एक पूर्ण फेरी पाहिली.

"पापनाशमला गेल्याचे सार्थक झाले," वरदराज म्हणाले.

अमावस्येच्या दिवशी वेदवतीला कॉलेजात परीक्षेचे काम होते. कोलू त्याच दिवशी मांडतात. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा दिवाणखान्यात पांढऱ्या वेष्टीने, म्हणजे धोतराने, झाकलेल्या पायऱ्या उभ्या होत्या, वर कलश बसला होता, कलशाशेजारी राणी. सुंदर दिसत होते. कॉम्प्युटरचे टेबल मात्र रिकामे होते.

"मशीन कुठे आहे?"

वरदराजांनी अभिमानाने तिसऱ्या पायरीकडे बोट दाखवले.

झाले असे की पायऱ्या विषम संख्येतच लागतात, आणि माळ्यावरून फळ्या काढल्या तर एक वाळवीने खाल्लेली निघाली. डबे, ट्रंका, पुस्तकांचे गठ्ठे लावून पायऱ्या उभ्या करायची त्या गावची रीतच आहे. कॉम्प्युटरची आडवी पेटी, बरोबर हव्या त्या उंचीची, समोरच होती. "सरस्वतीच आहे ती," वरदराज म्हणाले, "कोलूत असायलाच हवी. शिवाय तुझे काम अडू नये म्हणून वायरी सगळ्या मागून काढल्या आहेत. पडदा इथे बागेत ठेवला."

बागेत म्हणजे पायऱ्यांशेजारी मांडलेल्या देखाव्यात. मोहरी पेरून उगवलेली हिरवळ, आरशाचे तळे, तळ्यात प्लास्टिकची बदके, आणि काठावर कॉम्प्युटरचा पडदा. कीबोर्ड समोर पाटावर होता.

वेदवती हलक्या आवाजात म्हणाली, "ते काढा."

"कलश बसला आहे," वेंकटलक्ष्मीबाई म्हणाल्या.  कलश बसला की विजयादशमीपावेतो पायरी हलत नाही. हा नियम त्यांच्या सासूबाईंनी मोडला नव्हता, आणि त्याआधीच्या कुणी मोडल्याची वार्ता नव्हती.

वेदवती पाटावर बसली आणि खेळ सुरू केला. चोवीस. मग वेष्टीत गुंडाळलेली, वरून आठ मातीच्या बाहुल्यांनी दाबलेली आणि समोरून समईने शेकलेली पेटी तापू लागली. स्वामीनाथनची सोय जागी झाली, आणि ती बंद करावी तर मशीन जळणार. अठरा. अकरा. पंधरा मिनिटांत आकडा पुन्हा सातावर येऊन बसला, जणू मधे काही घडलेच नव्हते.

तिने पुण्याला फोन केला. "कल्याणा, शर्यत दसऱ्यानंतर ठेवू."

"का गं?"

"कोलूमुळे."

"कोलूमुळे!" तो इतका हसला की त्याच्या बायकोने मागून काय झाले विचारले. "अक्का, भीती वाटत असेल तर तसं सांग. राणी नीट पॅक करून पाठव म्हणजे झालं."

"रविवारी सहा वाजता," वेदवती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने टेबलफॅन आणला. सासूबाईंनी तो परत पाठवला, समई विझेल. पेटीच्या मागच्या बाजूला वेष्टी उसवायची का विचारले. वेष्टी वरदराजांच्या लग्नातली होती. शेवटी बरीच घासाघीस होऊन तिसऱ्या पायरीच्या कडेला वेष्टीची चुणी हातभर उचलून टाचणीने अडकवायला परवानगी मिळाली. तिथून पेटीची जाळी दिसत होती. पण नुसत्या फटीने वारा येत नाही. वारा आणावा लागतो. पुन्हा आकडा सात.

"आत्याबाई," शनिवारी ती पाटावर बसल्या बसल्या म्हणाली, "उद्या मी हरले तर राणी जाईल."

ही पैज त्यांना तिने आजवर सांगितली नव्हती. वेंकटलक्ष्मीबाई निवडत असलेले हरभरे तसेच राहिले.

"कुठे?"

"पुण्यास. काचेच्या कपाटात."

म्हातारीने वरच्या पायरीकडे पाहिले. मग म्हणाली, "आत दिवा असतो म्हणे." आणि पुन्हा हरभरे निवडू लागली.

रविवारी सहाला वेदवती पाटावर बसली. सहा ही नेमकी बायका यायची वेळ. कल्याणरामाची निळी गाडी रेषेवर उभी होती. शर्यत दहा फेऱ्यांची. गाड्या सुटल्या आणि पहिल्याच फेरीत आकडा उतरायला लागला. तेवढ्यात तिच्या कानाशी वाऱ्याची झुळूक आली. वेंकटलक्ष्मीबाई ताडाचा पंखा घेऊन कोलूशेजारी मांडी घालून बसल्या होत्या आणि त्या फटीत, जाळीवर, नेम धरून वारा घालत होत्या. समईची ज्योत जागची हलली नाही.

आकडा थांबला. मग एकाने चढला.

त्याच वेळी सुब्बलक्ष्मी मामी चार बायकांना घेऊन आत आल्या. बघतात तो सून पाटावर बसून देवीसमोर एकाग्र, आणि सासू पंख्याने वारा घालते आहे.

"चामर सेवा!" मामींनी हात जोडले. "तुमच्या मराठी लोकांत असते का ही?"

नवरात्रात खोटे बोलायचे नाही असा वेंकटलक्ष्मीबाईंचा नियम होता. म्हणून त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसता पंखा मामींच्या हातात दिला.

"इथे घालायचा? खालच्या पायरीवर?"

"इथेच."

देवीची सेवा म्हटल्यावर मागे कोण राहणार? घरात होते नव्हते ते सगळे पंखे निघाले. पाच बायका फटीपुढे अर्धवर्तुळ करून बसल्या. आणि कोलूपुढे गाणे म्हटल्यावाचून सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, मिळत नाही, हा त्या गावचा दंडक. तेव्हा मामींनी गाणे सुरू केले. पंखे गाण्याच्या लयीत हलू लागले.

दुर्दैवाने मामींना संथ गाणी आवडत. एकेका अक्षरावर त्या नदीकाठी बसल्यासारख्या बसत. पंखेही बसले. आकडा बारावरून नऊवर आला आणि कल्याणरामाची निळी गाडी पुढच्या वळणाआड गेली.

"मामी," वेदवती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "जरा द्रुत लयीत."

"देवीला संथ आवडते, बाई."

"आजच्या दिवसाला द्रुत आवडते."

मामींना राग आला. राग आला की त्या भरभर गात. पंखे सुटले. तेरा, सोळा, एकोणीस. झाडे हलू लागली, आकाश दिसू लागले. दोन परक्या गाड्या मागे पडल्या. शेषाद्री मामा बायकोला न्यायला आले ते दारातच थबकले आणि रेल्वेच्या सवयीने ओरडू लागले, "निळी सुटली! लाल आली! लाल येते आहे!" वरदराज टेलिफोनवर हात ठेवून उभे होते, कुणी उचलला तर खेळाचा संपर्क तुटेल म्हणून. त्यांच्या आयुष्यातले ते पहिले सहकार्य ज्यात काही बिघडले नाही.

नवव्या फेरीला लाल गाडी निळीच्या मागे येऊन लागली. आणि मामींनी गाणे संपवून शेवटचे मंगलम् सुरू केले.

मंगलम् सुरू झाले की सगळ्यांनी उठायचे. सगळ्या उठल्या, पंखे खाली ठेवले, हात जोडले. वेंकटलक्ष्मीबाईसुद्धा आरतीचे ताट घेऊन उभ्या राहिल्या; तिथे त्यांचाही इलाज नव्हता. आकडा धाडधाड उतरला. चौदा. दहा. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा कोपऱ्यात सात होते.

वेदवतीने एकदा त्या साताकडे पाहिले. आणि तिच्या लक्षात आले की हा आकडा तिच्या ओळखीचा आहे. चोवीस चित्रांवर ती जेमतेम चार दिवस खेळली होती. सातावर ती महिनोन् महिने हरली होती. कुठल्या चित्रानंतर वळण येते, मधल्या अंधारात गाडी किती सरकते, हे तिच्या बोटांना पाठ होते. वेग माहीत असेल आणि वेळ माहीत असेल तर अंतर बघावे लागत नाही. तिने वळण दिसायच्या आधी गाडी वळवली.

कल्याणरामाला मागे लाल गाडी दिसत होती. तिला अडवायची म्हणून तो डावीकडे आला. पण सेकंदाला सात चित्रे काढणाऱ्या मशीनची गाडी इतरांच्या पडद्यावरही सरळ जात नाही, उड्या मारत जाते. डावीकडे होती म्हणेतो ती उजवीकडे. तो उजवीकडे आला. ती डावीकडे. तो पुन्हा डावीकडे वळला आणि सुंदर, सावल्या हलणाऱ्या, चोवीसच्या वर चित्रे असलेल्या त्याच्या पुण्याच्या भिंतीवर जाऊन आदळला.

वेदवतीला तो अपघात दिसला नाही. एका चित्रात निळी गाडी पुढे होती, पुढच्या चित्रात नव्हती.

आरती झाली. टेलिफोनची तार मोकळी केली तशी घंटा वाजली.

"अक्का, हे चालणार नाही! तुझी गाडी कुठे आहे तेच कळेना मला! एकदा इकडे, एकदा तिकडे! याला काय शर्यत म्हणायची?"

"कावेरीतली होडी रे ती, कल्याणा."

"बहुत लबाड आहेस तू, अक्का! बहुत!"

"'खूप' म्हण," वेदवती म्हणाली. "तिथे कुणी ऐकेल."

 मग तो हसला, लहानपणी कावेरीच्या पायऱ्यांवर पाय घसरून पडला की हसायचा तसा, आणि आजीच्या मराठीत म्हणाला, "उदईक पाठवतो."

राजा आला विजयादशमीच्या दुपारी, पुण्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्या दिवशी संध्याकाळी कोलूची शेवटची पूजा, आणि रात्री एक बाहुली आडवी करून सगळ्या बाहुल्यांना निजवायचे. वेंकटलक्ष्मीबाईंनी राजा पुसला, त्याला कुंकू लावले आणि राणीच्या शेजारी उभा केला. सगळे दोन पावले मागे सरले.

राजा राणीहून डोकेभर ठेंगणा होता.

इतकी वर्षे कुणीच दोघांना एकत्र पाहिले नव्हते. वाट पाहून पाहून सगळ्यांच्या मनात तो चांगला उंच झाला होता.

"पुण्यात राहून आटला," वेंकटलक्ष्मीबाई म्हणाल्या.

वरदराज म्हणाले, "रात्री आडवेच करायचे आहेत. उंचीचे काय?"

वेदवतीने कपाटावरून जुन्या कार्डाचे पुठ्ठ्याचे खोके खाली काढले, सेकंदाला सात चित्रे काढणारे. ते राजाच्या पायाखाली ठेवले. दोघांचे डोळे एका रेषेत आले. वेदवतीने पट्टीने पाहून घेतले.

"अगं, रात्रीपुरतेच तर आहे," वरदराज म्हणाले.

"उभे आहेत तोवर बरोबरीने उभे राहतील," ती म्हणाली, आणि पट्टी खिशात घालावी तशी कमरेला खोचून दार उघडायला गेली. बायका यायला लागल्या होत्या.

सुब्बलक्ष्मी मामी आत आल्या, वर बघितले आणि आनंदाने टाळी वाजवली. "आला की! किती दिवसांची रजा?"

"रजा कसली," वेंकटलक्ष्मीबाई म्हणाल्या. "रिटायर होऊन आला आहे."